गतीची उष्णता कुठे जाते?

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगरच्या सीमेला लागून असलेल्या शिरूर कासारमध्ये आमचे एक शिक्षक मित्र राहतात. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकमधून खरखर आवाज येऊ लागला, म्हणून ते गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने चाक काढून दाखवले. पॅड संपून त्याची लोखंडी पाटी उघडी पडली होती आणि ती घासून चकतीवर, म्हणजे डिस्कवर, खोल चरे पडले होते. दोन्ही बदलणे भाग होते. दुकानदाराने समोर तीन प्रकारचे पॅड आणि दोन प्रकारच्या डिस्क मांडल्या. एक डिस्क साधी, गोल कडेची. दुसरी पाकळ्यांसारख्या कडेची, जास्त भोके असलेली, दिसायला देखणी. "सर, ही रेसिंगची आहे, गाडी जागेवर उभी राहते," असे सांगून त्याने दुसरीचा भाव थोडा अधिक सांगितला. मित्रांनी आम्हाला विचारले, "वीस वर्षे घर्षण शिकवतोय, पण यातले काय घ्यावे ते मला ठरवता येईना. तुम्ही सांगा."

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर एका ओळीत येणार नाही. सुरुवात ब्रेकचे काम काय, इथून करावी लागेल.

ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण म्हणतो. खरे तर तो गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. दोन माणसांसह मोटारसायकलचे वस्तुमान २५० किलो धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र वापरले की उत्तर येते जवळजवळ ३५ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने १०० मिलिलिटर पाण्याचे तापमान सुमारे ८३ अंशांनी वाढेल. म्हणजे १७ अंशांचे हिवाळ्यातले पाणी उकळीला येईल. गाडी एकदा थांबवली की एका कटिंग चहाचे पाणी तापले! वर्गात हे उदाहरण दिले तर मुले सहसा विसरत नाहीत.

ही उष्णता येते ती मुख्यतः डिस्कमध्ये. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकावर काम जास्त पडते. त्याचा वाटा ७० टक्के धरला तर पुढच्या डिस्कला सुमारे २४ हजार ज्यूल मिळतात. डिस्क एक किलोची असेल, तर पोलादाच्या विशिष्ट उष्णतेनुसार तिचे तापमान एका थांबण्यात पन्नासेक अंशांनी वाढते. आता डिस्क झिजून ४ मिलिमीटरची ३ मिलिमीटर झाली असे समजा. घासला जाणारा धातू पाव हिश्शाने कमी झाला. उष्णता तेवढीच, ती साठवणारा धातू मात्र कमी, त्यामुळे तीच वाढ आता ७० अंशांच्या घरात जाते. म्हणून प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. बऱ्याच मोटारसायकलींवर ती साडेतीन मिलिमीटर असते. साध्या व्हर्निअर कॅलिपरने ती मोजता येते, आणि व्हर्निअर शाळेच्या कपाटात असतेच. फक्त कडेला न झिजलेला उंचवटा राहतो, तो टाळून आत मोजायला हवे.

एकदा थांबण्यापेक्षा घाट उतरणे कितीतरी कठीण असते. मांजरसुंब्याच्या घाटासारखा उतार घ्या. आपली तीच मोटारसायकल १०० मीटर खाली उतरली तर स्थितिज ऊर्जा घटते २ लाख ४५ हजार ज्यूलने. म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा थांबण्याइतकी. हे सगळे ब्रेकवर सोपवले आणि डिस्कला गार व्हायला उसंत मिळाली नाही, तर तापमान कुठे पोचेल ते तुम्हीच काढा. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवायचे ते याचसाठी. तेव्हा इंजिन बंद थ्रॉटलमधून हवा ओढत, स्वतःचे घर्षण सोसत बरीच ऊर्जा गिळते. गाडी न्यूट्रल करून उतारावर पेट्रोल वाचवणारे आपल्याकडे बरेच आहेत. वाचलेल्या पेट्रोलची किंमत पॅडमधून वसूल होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

फार तापल्यावर नेमके काय बिघडते? दोन गोष्टी. पहिली पॅडमध्ये. पॅड म्हणजे तंतू, धातूची पूड, ग्राफाइट आणि इतर भुकट्या राळेने एकत्र बांधून भाजलेली वडी. फार तापले की राळ विघटित होऊ लागते, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये वायू येतो आणि घर्षण कमी होते. लिव्हर घट्ट लागतो, तरी गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलमध्ये. नाव ऑइल असले तरी ते खनिज तेल नव्हे, ग्लायकोल वर्गातला द्रव असतो आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. 'डॉट ४' साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कॅलिपरमध्ये हा द्रव उकळला की बुडबुडे होतात. पास्कलचा नियम आपण द्रवासाठी शिकवतो, कारण द्रव जवळपास दाबला जात नाही. बुडबुडा मात्र दाबला जातो. लिव्हर हँडलला टेकतो आणि चाकापर्यंत दाब पोचत नाही. नवे पॅड, नवी डिस्क आणि चार वर्षांपूर्वीचे ब्रेक ऑइल ही जोडी म्हणूनच फसवी असते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पॅडच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

आता त्या रेसिंगच्या डिस्ककडे वळू. शर्यतीच्या किंवा स्पोर्ट्स कारच्या डिस्क मोठ्या आणि देखण्या असतात, याला कारण आहे. दीड टनाची मोटार ताशी २०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे २३ लाख ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. ताशी ६० वरून थांबताना हाच आकडा जेमतेम २ लाख ८ हजार असतो. वेग तिपटीहून थोडा जास्त, ऊर्जा अकरापट! म्हणून तिथे दोन थरांची, मधून हवा खेळणारी डिस्क लागते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वार मोटारीने जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून ढिले पडत, जग्वारचा चालक वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक मारू शके. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच फुगते. प्रसरणाच्या धड्याला एवढे चांगले उदाहरण क्वचित मिळते.

पण मोठी किंवा जास्त भोकांची डिस्क लावली म्हणून गाडी 'जागेवर' उभी राहत नाही. ठणठणीत ब्रेक आजही चाक रोखून धरू शकतो. चाक घसरू लागले की पुढचा हिशोब टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ताशी ६० वरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात. ओल्या किंवा उसाच्या पाचटाने झाकलेल्या रस्त्यावर तो निम्मा झाला तर ४० मीटर. शिवाय ब्रेकवर बोट जाईपर्यंतचा एक सेकंद, त्यात १७ मीटर निघून गेलेले असतात. या हिशोबात डिस्कचा व्यास कुठेच नाही. चांगल्या डिस्कचा फायदा दहाव्या थांबण्यात दिसतो, पहिल्यात नाही. भोके हवीतच, पावसात पाणी आणि पॅडची भुकटी त्यातून निघून जाते. मात्र ती बेहिशोबी वाढवली की धातू कमी होतो, आणि भोकाच्या कडेपासून तडा जाण्याचा धोकाही वाढतो. दुकानातल्या त्या पाकळीदार डिस्कवर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना किमान जाडी. आमच्या मते एवढ्यावरच ती परत ठेवायला हवी होती.

पॅडबाबतही हाच घोळ होतो. शर्यतीचे पॅड शेकडो अंशांवर उत्तम पकड देतात, थंड असताना मात्र त्यांची पकड सुमार असते. सकाळी घरातून निघून पहिल्याच कोपऱ्यावर कुत्रे आडवे आले, तेव्हा पॅड थंडच असणार. रोजच्या गाडीला रोजचे पॅड हवेत. सेंद्रिय बांधणीचे पॅड डिस्क कमी झिजवतात, आवाज कमी करतात, पण स्वतः लवकर संपतात. धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड घाटात आणि ओझ्याखाली टिकतात, डिस्क मात्र खातात. निवड गाडीच्या कामावर करायची. निवडीला मदत करणारी एक खूण मोटारींच्या बऱ्याच पॅडांच्या कडेवर छापलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. आकड्यांच्या रांगेच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर पॅड साधारण तापलेला असतानाचा घर्षणांक सांगते, दुसरे फार तापल्यावरचा. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' असेल तर तापल्यावरही पकड टिकते. 'एफई' असेल तर घाटात ती ढिली पडणार. पॅड किती दिवस टिकेल हे मात्र या अक्षरांतून कळत नाही.

मुलांना हे करून दाखवायचे असेल तर स्प्रिंग बॅलन्स, एक वीट आणि गॅरेजमधून आणलेले दोन जुने पॅड पुरतात. ते दोन्ही विटेखाली बांधा, पत्र्यावरून एकसारख्या वेगाने ओढा आणि बल वाचा. मग एक पॅड काढून, दुसरा मधोमध ठेवून तीच वीट ओढा. क्षेत्रफळ निम्मे झाले तरी बल जवळपास तेवढेच येते, यावर मुले हमखास वाद घालतात. घालू द्यावा. नंतर पॅडला ऑइलचे बोट लावून पुन्हा ओढा. ब्रेकवर ग्रीसचा हात का लागू द्यायचा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रयोगात एक खबरदारी आहे आणि ती गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी अधिक महत्त्वाची. जुन्या लायनरमध्ये आणि काही स्वस्त लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. आपल्याकडे पांढऱ्या अॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात अडकतात आणि कॅन्सर व्हायला वीस, तीस, चाळीस वर्षेही लागतात, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ड्रम उघडला की तोंडाने फुंकर मारायची किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने भुकटी उडवायची, ही गॅरेजची जुनी सवय. त्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके वाळण्याआधी पिशवीत बांधून टाकावे. प्रयोगासाठी पॅड आणाल तेव्हा तोही आधी ओलाच पुसा आणि कानशीने घासू नका.

शिरूरच्या रस्त्यावर मात्र डिस्क आणि पॅड यांच्या निवडीने न सुटणारा एक प्रश्न आहे. दिवाळीनंतर या तालुक्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्यावर त्यांचा ऊस वाहतो तो ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक असतो तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि भरलेल्या ट्रॉल्या २० टनांच्या धरू. पंधरास एक अशा उतारावर त्यांना खाली ओढणारे बल येते सुमारे १४,४०० न्यूटन. ब्रेक असलेल्या चाकांवर दोन टन भार धरला, तर घर्षणांक ०.७ ने मिळणारे जास्तीत जास्त बल येते १३,७०० न्यूटन. टायरांचा रोधही थोडी मदत करतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर जेमतेम निभावते. पाऊस पडला की चाके घसरतात आणि ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवे करतात. त्या उसावर बहुधा माणसे बसलेली असतात.

यावर उत्तम ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टरही उपाय नाही, कारण कमी पडतो आहे तो रस्ता आणि टायर यांच्यातला जोर. ब्रेक ट्रॉलीच्या चाकांनाच हवा, कारण भार तिथे आहे. तो नसेल तर उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा, मधे बदलायचा नाही. आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडले कडीने जोडायची असतात. ती कडी उघडी राहिली आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर एकच चाक थांबते. दहावीच्या वर्गात ट्रॅक्टर चालवणारी दोन-चार मुले असतातच. त्यांना कडीबद्दल विचारून पाहा.

आमच्या मित्रांनी शेवटी साधी, गोल कडेची, जाडी कोरलेली डिस्क आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीने नेमून दिलेल्या प्रतीचे पॅड घेतले, ब्रेक ऑइल बदलून घेतले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, असे मेकॅनिकने बजावले. त्याचे बरोबर होते. तेवढ्या काळात पॅडचा पातळ थर डिस्कवर समान बसतो आणि मगच पुरी पकड मिळते. जुनी डिस्क मित्रांनी शाळेत नेली आहे. नववीच्या मुलांनी व्हर्निअरने आठ ठिकाणी तिची जाडी मोजली, तर ती सर्वात पातळ जागी २.९ मिलिमीटर भरली.