प्रबंधाची पाने सरकतात तेव्हा

माझ्या पुतणीने एम.ए.साठी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीवर लघुप्रबंध लिहिला. विषय घरचा, भाषा मराठी, आधाराचे शिलालेख मात्र कानडी. नव्वद पाने टंकून घेतली, अनुक्रमणिका हाताने केली आणि मार्गदर्शकांनी सांगितले, ‘दुसऱ्या प्रकरणात दोन पाने वाढवा.’ वाढवली. झाले! तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक पानाच्या तळाशी गेले, तळटीपा भलत्याच पानावर उतरल्या आणि अनुक्रमणिकेतला एकही आकडा खरा राहिला नाही. सादर करायला चार दिवस उरले होते.

संगणक मी दवाखान्यातील केसपेपर ठेवण्यासाठी शिकलो. म्हणून ती फाईल माझ्याकडे आली. उघडून पाहतो तो सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! दुकानदाराने जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता. त्या फॉन्टात संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात, फक्त त्यांना चेहरा देवनागरीचा दिलेला असतो. फॉन्ट नसला की चेहरा गेला. असा प्रबंध छापून छान दिसतो, पण त्यात ‘बस्ती’ हा शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही. आज विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात. तिथे मराठी प्रबंध असूनही शोधात न येणे म्हणजे कपाटात असून कुलूपबंद असणे. आपल्यासारख्या सीमाभागातल्या लेखनाला हे परवडणारे नाही. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. फॉन्ट कोणताही असो, तो ‘क’च राहतो. म्हणून पहिला नियम, टंकन युनिकोडमध्येच करून घ्यावे.

पुढचे काम आम्ही लिबरऑफिस रायटरवर केले. ओपनऑफिसच्या मंडळींतून २०१० साली वेगळे निघालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि चोरटी प्रत वापरण्याचा प्रश्न येत नाही.

त्यात देवनागरीसाठी एक खाच आहे, ती बहुतेकांना ठेच देते. रायटर इंग्रजीचा फॉन्ट वेगळा धरतो आणि आपल्या लिपींचा वेगळा. त्याला तो कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल, म्हणतो. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात याची खूण करून भाषा मराठी निवडावी. नाहीतर तुम्ही वरच्या रकान्यात आकार चौदा करता, इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी जागचे हलत नाही! मग माणूस चिडतो. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ, काही फॉन्ट त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे देतात, हिंदी वळणाचे नव्हे. आम्ही नोटो सेरिफ देवनागरी घेतला. कानडीही सीटीएलमध्येच मोडते, पण या फॉन्टात कानडी अक्षरे नाहीत. म्हणून शिलालेखातील ओळींसाठी नोटो सेरिफ कन्नड लावलेली एक वेगळी कॅरॅक्टर स्टाइल केली. ओळ निवडली, स्टाइल लावली, संपले.

आता मूळ दुखणे. दुकानदाराने शीर्षक मध्यावर आणण्यासाठी स्पेसबार दाबले होते आणि नवे पान आणण्यासाठी एंटर, वीस-वीस वेळा. कंट्रोल आणि एफ१० एकत्र दाबा, या खुणा सगळ्या दिसतात. मला तर पहिल्या पानावर मुंग्यांची रांगच दिसली. मजकूर वाढला की त्या सगळ्या सरकतात. ही वरवरची मलमपट्टी काढून टाकली. एफ११ने स्टाइल्सची पट्टी उघडते. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’, बाकी मजकुराला ‘बॉडी टेक्स्ट’. विद्यापीठाने सांगितलेला आकार, ओळींतील अंतर, समास हे एकदाच स्टाइलमध्ये भरायचे, नव्वद पानांवर आपोआप लागते. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर हवे, तर तेही ‘हेडिंग १’च्या स्टाइलमध्येच सांगून ठेवता येते.

अनुक्रमणिका इन्सर्टमधून घालावी. ती ‘हेडिंग’ लावलेली नावे स्वतः गोळा करते. पाने सरकली तर तिच्यावर उजवे क्लिक करून अपडेट म्हणावे. तळटीपाही इन्सर्टमधूनच, म्हणजे त्यांचे क्रमांक आपले आपण बदलतात.

पृष्ठांकाची गोष्ट थोडी कष्टाची. ऋणनिर्देश, मनोगत यांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ हवा असतो. रायटरमध्ये यासाठी दोन पेज स्टाइल लागतात, एकीच्या मांडणीत रोमन आकडे, दुसरीत साधे. मग पहिल्या प्रकरणाआधी इन्सर्टमधून मॅन्युअल ब्रेक घ्यायचा, त्यात दुसरी पेज स्टाइल निवडायची आणि पृष्ठांक १ वर बदलायचा. आम्ही हे तीनदा चुकवले. पहिल्या दोन वेळी ब्रेक घातला, पण पेज स्टाइल निवडायलाच विसरलो, त्यामुळे रोमन आकडे पुढे चालूच राहिले.

मूळ प्रत ओडीटी याच प्रकारात ठेवावी. कॉलेजने डॉक्स मागितला तर शेवटी त्याची नक्कल द्यावी आणि ती एकदा उघडून पाहावी, मांडणी थोडी हलू शकते. छापायला मात्र पीडीएफ द्यावी, तिच्यात फॉन्ट सोबत जातात.

मजकूर मात्र पुतणीला पुन्हा टंकावा लागला. तीन रात्री तिने स्वतः युनिकोडमध्ये टंकला, चौथ्या दिवशी दुपारी प्रत बांधायला दिली. परीक्षकांनी तिला आणखी एक पान वाढवायला सांगितले. तेव्हा तिने एक पान घातले, अनुक्रमणिकेवर उजवे क्लिक केले आणि चहाला आली.