नितळ पाण्यातील भूक
(लेखमाला : धरणाच्या पाठीमागे – लेखांक ६)

नदीला बांध घातला की प्रवाह मंदावतो, प्रवाह मंदावला की गाळ तळाशी बसतो आणि गाळ बसला की पाणी निवळते, या क्रमाचे विवेचन मागील लेखांकात झाले. अशा निवळलेल्या पाण्यात मासा कसा जगतो आणि गळाने मासे धरणाऱ्याला, कोकणच्या बोलीत सांगायचे तर गरवणाऱ्याला, त्याच्यापर्यंत कोणत्या युक्तीने पोहोचावे लागते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेतील नेवाडा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरील मीड जलाशयाचे उदाहरण उपयुक्त ठरते; कारण कोलोरॅडो नदीवरील २२१ मीटर उंचीच्या हूवर धरणामागे १९३५ पासून साठत आलेले हे पाणी मोहावी वाळवंटात आहे, जेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे १० सेंटीमीटरच पाऊस पडतो, आणि जलाशयाच्या बऱ्याच भागात बोटीतून खाली पाहिले असता कित्येक मीटर खोलीवरचे खडक स्पष्ट दिसतात.

या नितळपणामागे एकामागून एक घडलेल्या दोन घटना आहेत. १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण उभे राहिले आणि कोलोरॅडोचा तांबूस गाळ त्यामागील पॉवेल जलाशयातच अडकू लागला. त्या गाळाच्या कणांना चिकटून येणारे स्फुरद, म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाचे वनस्पतींचे एक मुख्य खाद्य, तेही तेथेच अडले. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ज्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात, स्फुरदावाचून वाढत नाहीत. पुढे जानेवारी २००७ मध्ये येथे क्वागा हा मूळचा युक्रेनमधील नदीखोऱ्यांतला लहान शिंपला आढळला. असा एकेक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळून त्यातील प्लवक खाऊ शकतो, आणि असे असंख्य शिंपले आज खडकांवर, नळांवर व धक्क्यांवर थर धरून बसलेले आहेत. म्हणूनच मीडचे नितळ पाणी डोळ्यांना सुखावणारे असले, तरी माशाच्या दृष्टीने ते उपासाचे पाणी आहे. लास व्हेगास खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी ज्या ओढ्याने जलाशयात येते त्याचे मुख तेवढे याला अपवाद असून, पोषक द्रव्यांमुळे तेथे प्लवक अधिक असते आणि त्याच्या मागोमाग मासेही येतात.

प्लवकावर जगणारा येथील प्रमुख लहान मासा म्हणजे थ्रेडफिन शॅड. तारलीशी नाते सांगणारा हा चंदेरी मासा १९५० च्या दशकात मुद्दाम आणून सोडला गेला. त्याच्यावर ताव मारणारा स्ट्राइप्ड बास, म्हणजे अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला, मूळचा अटलांटिक किनाऱ्यावरचा आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा मासा, १९६९ पासून येथे सोडण्यात आला. शॅडचे थवे उघड्या पाण्यात फिरतात आणि स्ट्राइप्ड बासच्या टोळ्या त्यांचा माग काढत फिरतात. त्यामुळे येथे मासेमारीची पहिली पायरी मोठा मासा शोधण्याची नसून त्याचे अन्न शोधण्याची असते.

दुसरी पायरी खोलीची आहे. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी कोमट होते, खालचे थंडच राहते आणि या दोहोंमध्ये, तापमान झपाट्याने उतरणारा, थर्मोक्लाइन नावाचा पट्टा तयार होतो. प्रौढ स्ट्राइप्ड बासला गारवा हवा असतो, म्हणून भर दिवसा तो खोल उतरतो, तर हिवाळ्यात पृष्ठभाग थंड होऊन वरखालचे पाणी मिसळले की थरांचे हे बंधन उरत नाही. खोल पाण्यातील टोळी ध्वनिलहरींनी माशांचा वेध घेणाऱ्या यंत्रावर दिसली की बोट तेथे थांबवून, मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही या माशाचे तुकडे पाण्यात सोडून टोळीला रेंगाळत ठेवतात आणि तसाच तुकडा गळाला लावून खाली सोडतात.

तिसरी आणि सर्वांत कठीण पायरी प्रकाशाची होय. गढूळ पाण्यातील मासा आमिषाच्या हालचालीने आणि वासाने फसू शकतो, पण नितळ पाण्यातील मासा आधी पाहतो, आणि तो केवळ आमिषच नव्हे तर दोरी, बोटीची सावली आणि काठावरचा माणूसही पाहतो. त्यामुळे येथे आमिष दूर फेकावे लागते आणि नेहमीच्या नायलॉनच्या तंगुसाऐवजी फ्लुरोकार्बनचा बारीक तंगूस अनेकजण पसंत करतात, कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण वाकवण्याचे प्रमाण, पाण्याच्या अधिक जवळ असल्याने तो कमी उठून दिसतो. खडकाळ उतारांवरच्या लार्जमाउथ व स्मॉलमाउथ बाससाठी ‘ड्रॉप शॉट’ ही मांडणी प्रचलित आहे. तीत शिसे दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर थोड्या अंतरावर बांधतात, जेणेकरून शिसे तळाला टेकले तरी लहानसे मऊ आमिष माशाच्या नजरेसमोर अधांतरी थरथरत राहावे.

प्रकाश कमी झाला की हेच पाणी उदार होते. पहाटे व संध्याकाळी मासा उथळ पाण्याकडे सरकतो, आणि वाऱ्याने पृष्ठभाग चुरगळला की प्रकाश विखुरून त्याची सावधगिरी सैल पडते. मात्र हाच वारा या विस्तीर्ण पाण्यावर थोड्या वेळात धोकादायक लाटा उठवतो, म्हणून आकाशावर लक्ष ठेवणे हाही या विद्येचा भाग आहे. उन्हाळा व शरद ऋतूत स्ट्राइप्ड बासच्या टोळ्या शॅडला पृष्ठभागाशी कोंडतात आणि पाणी उकळल्यासारखे खळबळते, तेव्हा तरंगते आमिष त्या खळबळीच्या कडेला दुरूनच टाकतात, कारण बोट मध्ये घातल्यास टोळी बुडी मारते. रात्री पाण्यात हिरवा दिवा सोडतात. उजेडाकडे प्लवक, प्लवकाकडे शॅड आणि शॅडकडे बास, अशी सारी अन्नसाखळी त्या दिव्याभोवती गोळा होते.

या सर्व गणितात पाण्याची पातळी हा चंचल घटक आहे. जुलै २०२२ मध्ये ती पूर्ण पातळीच्या ५० मीटरांहून अधिक खाली गेली होती, आणि कड्यांवर उरलेला पांढरा क्षारांचा पट्टा त्या उताराची साक्ष देत होता. वसंतात लार्जमाउथ व स्मॉलमाउथ बास उथळ पाण्यात घरटी करतात. त्या काळात पातळी उतरली तर अंडी उघडी पडतात, उलट ती चढली तर काठावरची बुडालेली झुडपे पिलांना आडोसा देतात.

येथे मासे धरणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात आणि त्या कौशल्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. क्वागाची डिंभके, म्हणजे अंड्यातून निघालेली सूक्ष्म पिले, बोटीत साचलेल्या थेंबभर पाण्यातूनही दुसऱ्या जलाशयात जाऊ शकतात, म्हणून बोट स्वच्छ करणे, तिच्यातील पाणी काढणे आणि ती पूर्ण सुकवणे आवश्यक ठरते. तसेच रेझरबॅक सकर हा कोलोरॅडोचा मूळ निवासी, संरक्षित मासा गळाला लागल्यास त्याला इजा न करता तत्काळ पाण्यात सोडावे लागते. शॅड, बास आणि क्वागा हे तिन्ही येथे बाहेरून आले. गढूळ नदीत हजारो वर्षे वाढलेला सकर मात्र नितळ झालेल्या आपल्याच घरात परका ठरला. त्याची हकिगत पुढील लेखांकात.