सनी रोलिन्स : ऐन भरात थांबून पुन्हा शिकणारा वादक

१९५९च्या उन्हाळ्यात टेनर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी जाहीर कार्यक्रम बंद केले. वय अवघे २८. जॅझच्या जगात त्यांचे नाव पहिल्या फळीत घेतले जात होते, ध्वनिमुद्रिका गाजत होत्या. पण आपला बोलबाला आपल्या वादनाच्या पुढे निघून गेला आहे, असे त्यांचे मन त्यांना सांगत होते. पुढची दोन वर्षे त्यांनी मैफली सोडून रियाज केला. सहा दशकांहून मोठ्या कारकिर्दीत असे थांबणे त्यांनी पुन्हाही स्वीकारले. त्यांचे मोठेपण समजून घ्यायचे, तर वाजवण्याइतकेच हे थांबणेही पाहायला हवे.

हार्लेममधली जडणघडण

वॉल्टर थिओडोर रोलिन्स यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले, त्यामुळे कॅलिप्सो या तिकडच्या संगीतप्रकाराच्या चाली कानावर घरातच पडल्या. बालपण गेले हार्लेममध्ये, जिथे मोठमोठे कृष्णवर्णीय कलावंत शेजारपाजारी राहत. आधी पियानो, मग लुई जॉर्डन यांना ऐकून आल्टो सॅक्सोफोन आणि १९४६मध्ये कोलमन हॉकिन्स यांच्या ओढीने टेनर, असा प्रवास झाला. टेनर हा आल्टोहून मोठा, आवाजाने खालच्या पट्टीतला आणि भरदार. शाळकरी वयातच पियानोवादक थेलोनिअस मंक यांच्या घरच्या तालमींना बसायला मिळाले. १९४९मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पियानोवादक बड पॉवेल यांच्याबरोबर त्यांचे ध्वनिमुद्रण झाले.

व्यसन आणि सुटका

त्या पिढीतल्या अनेक जॅझ वादकांप्रमाणे रोलिन्सही हेरॉइनच्या विळख्यात सापडले. १९५०मध्ये सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात त्यांना अटक झाली आणि रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने काढावे लागले. १९५५मध्ये ते केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात स्वतःहून दाखल झाले आणि व्यसनातून बाहेर पडले. त्यानंतर शिकागोत मोलमजुरीची कामे करत त्यांनी स्वतःला सावरले.

त्याच वर्षाअखेरीस ते ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पंचकात आले. ब्राउन निर्व्यसनी होते. व्यसनावाचूनही उत्तम जॅझ वाजवता येते, याचा जिवंत दाखला रोलिन्स यांना रोज शेजारीच उभा दिसत होता.

‘सॅक्सोफोन कलॉसस’ आणि एका धुनीचा विस्तार

२२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ‘सॅक्सोफोन कलॉसस’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. साथीला पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच. त्यातले ‘सेंट थॉमस’ हे कॅलिप्सो अंगाचे वादन आजही जगभरचे वादक वाजवतात. चारच दिवसांनी क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेले. वय होते २५.

याच अल्बममधले अकरा मिनिटांचे ‘ब्लू सेव्हन’ रोलिन्स यांची पद्धत उलगडून दाखवते. सुरुवातीला नुसता बास चालत राहतो. मग सॅक्सोफोनवर मोजक्या स्वरांची, अडखळल्यासारखी वाटणारी धून येते. पुढे रोलिन्स त्या धुनीचा एखादा तुकडा उचलतात, लांबवतात, उलटसुलट करतात, मध्ये जागा सोडतात आणि पुन्हा मूळ धुनीशी येतात. मुखड्याला धरून ख्याल फुलवत नेणाऱ्या गायकाची बढत ज्याने ऐकली आहे, त्याला हा विचार चटकन उमगेल. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८मध्ये या एका वादनावर सविस्तर लेख लिहिला, तो याच सलग विचारामुळे.

पियानोवाचून

१९५७मध्ये ‘वे आउट वेस्ट’मध्ये रोलिन्स यांनी पियानो वगळून फक्त बास आणि ड्रमची साथ घेतली. पियानोचे स्वरमेळ गेले की वादकाला दिशा दाखवणारे कोणी उरत नाही, पण मोकळीक मिळते. १९५८च्या ‘फ्रीडम सूट’मध्ये हाच साचा त्यांनी एकोणीस मिनिटांच्या सलग रचनेसाठी वापरला. अमेरिकेची संस्कृती ज्यांनी घडवली, त्या कृष्णवर्णीयांनाच तिथे अमानुष वागणूक मिळते, हे त्यांनी अल्बमबरोबरच्या निवेदनात स्पष्ट लिहिले. नागरी हक्कांची चळवळ पेटत असताना असे छापून घेणे धाडसाचे होते.

विल्यम्सबर्ग पुलावरचा रियाज

१९५९मध्ये मैफली थांबवल्या, तेव्हा रोलिन्स मॅनहॅटनच्या दाट वस्तीत राहत. तासन्‌तास वाजवले तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून ते जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागले. रुळांचा खडखडाट, मोटारींची घरघर, ईस्ट नदीतल्या बोटींचे भोंगे आणि वारा यांच्यात तिथे कितीही जोरात वाजवले तरी कुणाची हरकत नव्हती. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तासही वाजवणे चाले. उघड्यावर भिंतीवरून आवाज परत येत नाही, त्यामुळे दमसास आणि सूर दोन्ही कसाला लागतात. १९६१च्या अखेरीस ते मंचावर परतले आणि १९६२मध्ये ‘द ब्रिज’ हा अल्बम आला. त्यात पियानोऐवजी जिम हॉल यांची गिटार आहे.

पवईचा आश्रम

साठच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा बाजूला झाले. या काळातल्या आध्यात्मिक शोधात ते जपानला आणि मुंबईलाही आले. पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात त्यांनी काही महिने योग आणि वेदान्ताचा अभ्यास केला. डोळे मिटून ध्यानाला बसणे त्यांना जमेना. वादन हेच तुमचे ध्यान आहे, असे तिथे समजावले गेल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले.

उत्तरार्ध

१९७२च्या ‘नेक्स्ट अल्बम’पासून ते पुन्हा नियमित वाजवू लागले. १९८१च्या ‘टॅटू यू’ या रोलिंग स्टोन्स रॉक बँडच्या अल्बममध्येही त्यांचा सॅक्सोफोन आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा त्यांचे घर तिथून जवळच होते. इमारत रिकामी करताना त्यांनी सॅक्सोफोन बरोबर घेतला आणि चारच दिवसांनी बॉस्टनमध्ये कार्यक्रम केला. ग्रॅमीचा जीवनगौरव, पोलर म्युझिक प्राइझ, केनेडी सेंटरचा सन्मान असे मोठे मान त्यांना मिळाले. २०१२नंतर फुप्फुसांच्या आजाराने वाजवणे थांबले.

काय ऐकावे?

जॅझ नवे असेल तर आधी ‘सेंट थॉमस’ ऐका, मग ‘ब्लू सेव्हन’, आणि शेवटी ‘द ब्रिज’. त्यातही ‘ब्लू सेव्हन’ दोनदा ऐका : पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा सुरुवातीची धून मनात गुणगुणत. कोणतीही कला शिकणाऱ्याने या माणसाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. टाळ्या भरपूर पडत असल्या, तरी आपल्या कानाला उणीव जाणवली की पुन्हा रियाजाला बसावे.