सगळ्या फोनचं एकमत झालं, पण चुकीचं

पीएचडीचा विषय सांगितला की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे ॲप बनवतेयस ना?" हो, बनवतेय. पूर आला तर घरातून काय उचलायचं, कोणी कोणाला घेऊन निघायचं आणि कुठे भेटायचं, एवढंच सांगणारं ॲप. पण नुसतं ॲप बनवणं म्हणजे संशोधन नव्हे. संशोधनाचा प्रश्न त्यात नेमका कुठे दडलाय, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तुम्ही सध्या विषय शोधत असाल तर तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून लिहितेय.

माझं आजोळ सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. पावसाळ्यात तिथे घराघरांत एकच आकडा विचारला जातो : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. अशा वेळी आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि नेटवर्कही जातं. म्हणजे ॲपची गरज सगळ्यात जास्त असते, नेमका तेव्हाच सर्व्हर हाताशी नसतो.

म्हणून 'ऑफलाइन-फर्स्ट'. बरेच जण याचा अर्थ 'नेट नसताना जुनी पानं दिसतात' असा घेतात. तसं नाही. इथे फोनमधला डेटाबेस (माझ्या ॲपमध्ये एसक्यूलाइट) हीच मूळ वही असते. प्रत्येक नोंद आधी तिथेच होते. नेट मिळालं की सिंक, नाही मिळालं तरी काम अडत नाही.

याची किंमत मोजावी लागते. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला 'कॅप' सिद्धांत तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेल. आमच्या घराच्या भाषेत तो असा : फोन एकमेकांपासून तुटलेले असताना प्रत्येक फोन चालूही राहील आणि सगळ्यांवर एकच माहितीही दिसेल, असं दोन्ही मिळत नाही. मी 'चालू राहील' निवडलं. मग फोन पुन्हा जोडले गेल्यावर मतभेद मिटवायचे कसे?

पहिल्या आवृत्तीत मी सोपा नियम लावला : ज्या नोंदीची वेळ नंतरची, ती खरी. सुट्टीत आजोळी सराव घेतला. यादीत एक ओळ होती, 'आजीचं इन्सुलिन पिशवीत'. मामांनी त्यावर टिक केली, ती मावशीच्या फोनवर पोचली. मग मी राउटर बंद केला. मावशीने पिशवी उघडून पाहिली, इन्सुलिन फ्रिजमध्येच होतं. तिने टिक काढली. राउटर सुरू केला आणि सगळ्या फोनवर टिक परत आली! मामांच्या फोनचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं, त्यामुळे त्यांची जुनी टिक 'नंतरची' ठरली. सिंक अगदी व्यवस्थित झालं होतं. आजी मात्र म्हणाली, "तुझं यंत्र मला मारणार."

यावर औषध जुनंच आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं की घटनांचा क्रम लावायला भिंतीवरचं घड्याळ लागत नाही, कोणती घटना कोणत्या घटनेनंतर कळली एवढं पुरतं. मावशीने मामांची टिक पाहून मग ती काढली होती. ही साखळी प्रत्येक नोंदीसोबत ठेवली (याला व्हर्जन व्हेक्टर म्हणतात) की मावशीच जिंकते. मामांचं घड्याळ मी मुद्दाम दुरुस्त करू दिलेलं नाही, चाचणीला बरं पडतं.

पण दोघांनीही एकमेकांचं न पाहता वेगवेगळं लिहिलं तर? तेव्हा व्हेक्टर फक्त 'हे एकाच वेळचं आहे' एवढं सांगतो. २०११ पासून 'सीआरडीटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचना इथे कामी येतात. त्या हमी देतात की सगळे बदल सगळ्यांपर्यंत पोचले की सगळ्या प्रती सारख्या होतील. नीट वाचा : सारख्या होतील, बरोबर होतील असं नाही. टिक जिंकेल की टिक काढणं जिंकेल, हे आपणच ठरवायचं.

माझा प्रश्न इथे सापडला. इन्सुलिन दोनदा तपासलं गेलं तर दोन मिनिटं वाया जातात. न घेता 'घेतलं' दिसलं तर आजीच्या जिवावर बेततं. म्हणून वाद असेल तर 'नाही' जिंकतं. पाण्याच्या पातळीला दुसरा नियम : किती वाजताची हे लिहिल्याशिवाय आकडा दाखवायचाच नाही. काल संध्याकाळचे ४१ फूट आज पहाटे वाचून कोणी निवांत झोपलं तर ते ॲप नसलेलंच बरं. मी वहीत प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखले, 'चुकून हो दिसलं तर' आणि 'चुकून नाही दिसलं तर'. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणजे मुख्यतः हीच वही.

एक ओळ मात्र रकान्यांत बसेना : भेटायची जागा. शाळेत पाणी शिरलं म्हणून मामांनी जागा बदलून 'देऊळ' लिहिलं, मावशी ऑफलाइन. इथे कोणीही जिंकलं तरी माणसं दोन ठिकाणी उभी राहणार. मी नियम केला, सगळ्या फोनकडून पोच आल्याशिवाय जुनीच जागा कायम. वाय-फाय नसेल तर पोच एसएमएसने (मराठीत एका मेसेजमध्ये ७०च अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०, त्यामुळे मजकूर फार काटकसरीने लिहावा लागतो).

गाइडनी एकच प्रश्न विचारला, "सगळ्यांची पोच आली, हे मावशीला कसं कळणार?" तिला तसं कळवावं लागेल. ते तिला मिळालं हे मामांना कळावं लागेल. मग त्याचीही पोच. नेटवर्कच्या पुस्तकात 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून हे येतं, आणि निरोप हरवू शकत असेल तर कितीही निरोप पाठवले तरी ही साखळी संपत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून सध्याच्या आवृत्तीत जागा बदलायची सोयच काढून टाकलीय. पावसाळ्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून दोन जागा क्रमाने ठरवायच्या : पहिलीत पाणी असेल तर कोणालाही न विचारता दुसरीवर जायचं. जूनमध्ये पुन्हा सराव आहे.