भोंगा वाजला, वाट द्या

तळोज्याच्या नाक्यावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे रस्त्यावर वाहने किती वाढली आहेत ते दिसते. एके काळी या बाजूला भाताची खाचरे होती. आता मोठी औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखाने आहेत. लोखंड वाहणारे लांबलचक ट्रेलर आहेत. मुंब्रा-पनवेल रस्ता इथूनच जातो. पुढे कळंबोलीला त्याला मुंबईचा, पुण्याचा आणि न्हावा-शेवा बंदराचा रस्ता येऊन मिळतो. रात्र असो की दिवस, गाड्यांची रांग काही तुटत नाही.

याच रांगेतून आजारी माणसाला नेणारी रुग्णवाहिका जाते. आपण तिला ॲम्ब्युलन्स म्हणतो. याच रांगेतून आगीचा बंबही जातो. त्यांना वाट कशी द्यावी, हे आम्ही आज सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, "त्यात सांगायचं काय? बाजूला व्हायचं, झालं!" बरोबर आहे. पण कधी बाजूला व्हायचे? कोणत्या बाजूला? थांबायचे किती वेळ? इथेच घोटाळा होतो. कोणी गडबडून भर रस्त्यात ब्रेक दाबतो. कोणी उजवीकडे जातो, कोणी डावीकडे. मधल्यामध्ये रुग्णवाहिका अडकते.

मिनिटाचा हिशेब

हृदय बंद पडले की मेंदूला रक्त मिळत नाही. चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. अपघातात रक्त वाहत असेल, तर प्रत्येक मिनिटाला माणूस खचत जातो. शेतात साप चावला, तर त्यावरची लस जितकी लवकर टोचली जाईल तितके बरे. बाळंतीण अडली, तर दोन जीवांचा प्रश्न असतो.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला फार महत्त्व आहे. या तासात उपचार मिळाले, तर प्राण वाचण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. मोटार वाहन कायद्यातही या तासाची व्याख्या दिलेली आहे.

आता एक साधा हिशेब करू. तळोजा ते पनवेल अंतर सुमारे दहा किलोमीटर. रस्ता मोकळा असला, तर पंधरा-वीस मिनिटांचे काम. समजा, वाटेत वीस ठिकाणी कोणी ना कोणी रुग्णवाहिकेला अडवले. प्रत्येक ठिकाणी फक्त अर्धे मिनिट गेले. वीस वेळा अर्धे मिनिट म्हणजे दहा मिनिटे झाली. अडवणाऱ्या प्रत्येकाला वाटते, "माझ्यामुळे कितीसा उशीर झाला?" पण रोग्याच्या वाट्याला सगळ्यांचा उशीर येतो. म्हणून आपले अर्धे मिनिट आपण वाचवायचे. दुसऱ्याकडे बघायचे नाही.

वाट कशी द्यावी

१. आधी आरशात पाहा. मोठ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मोठा असतो. काच वर असली, गाणी लावलेली असली, तर भोंगा फार उशिरा ऐकू येतो. म्हणून चालकाची नजर अधूनमधून आरशाकडे गेलीच पाहिजे. रुग्णवाहिकेच्या तोंडावर इंग्रजी अक्षरे उलटी लिहिलेली असतात. रंगाऱ्याची ती चूक नव्हे. पुढच्या गाडीच्या आरशात ती अक्षरे सुलटी दिसावीत, म्हणून मुद्दाम तशी लिहितात.

२. एकदम ब्रेक मारू नका. मागची गाडी येऊन आदळेल. डाव्या बाजूचा दिवा लावा. हळूहळू डावीकडे सरका आणि कडेला थांबा. आपण डावीकडून गाडी हाकणारी माणसे. सगळेच डावीकडे सरकले, तर उजवीकडची वाट आपोआप मोकळी होते. मोटरसायकलवाल्यांनी दोन गाड्यांच्या फटीत घुसू नये. त्यांनीही कडेलाच जावे.

३. मधे दुभाजक नसेल, तर समोरून येणाऱ्यांनीही आपापल्या डाव्या कडेला व्हावे. रुग्णवाहिकेला कोणाला तरी ओलांडून पुढे जायचे असते. त्या वेळी समोरची बाजू मोकळी लागते.

४. जागा पाहून थांबा. वळणावर, अरुंद पुलावर थांबलात, तर वाट देण्याऐवजी वाट अडेल. थोडे पुढे जा. रुंद जागा आली की कडेला घ्या. पावसाळ्यात कडेची माती भुसभुशीत असते. भरलेला ट्रक तिथे घातला, तर चाक रुतेल. तेव्हा कड पाहून उतरा.

५. मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या दोन-तीन रांगा खोळंबलेल्या असतात. सगळ्यांना डावीकडे सरकायला जागाच नसते. अशा वेळी अगदी उजव्या रांगेने उजव्या कडेला चिकटावे. बाकीच्यांनी डावीकडे सरकावे. मधे एक बोळ तयार होतो. जर्मनी देशात मोठ्या महामार्गांवर असा कायदाच आहे. तिथे गाड्या संथ झाल्या की भोंगा वाजण्याची वाट बघत नाहीत. आधीच मधे बोळ सोडून उभे राहतात. गाडीला गाडी चिकटून उभी राहिली, तर मग मनात असूनही सरकता येत नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून थोडे अंतर राखूनच थांबावे.

६. लगेच निघू नका. एका बंबामागून दुसरा बंब येतो. पुन्हा आरशात पाहा, मागे नीट पाहा, मगच गाडी रस्त्यावर घ्या.

बैलगाडी घेऊन निघालेल्या गाडीवानाने कासरे आखडून धरावेत. भोंग्याने बैल बुजतात. पायी चालणाऱ्याने रस्ता ओलांडायची घाई करू नये. लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, बाजा थांबवून वाट द्यावी. त्याने देवाचा काही अपमान होत नाही.

आगीचा बंब

आग वाढतच जाते. आधी जी एका बंबाच्या पाण्याने विझली असती, ती अर्ध्या तासाने दहा बंबांना आवरत नाही. रसायनांची आग तर फारच वाईट. तिथे स्फोट होतो, विषारी धूर सुटतो.

तळोज्याच्या शेजारचेच उदाहरण घ्या. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे दगावली. पुष्कळ जण जखमी झाले. दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आग विझवायला आजूबाजूच्या शहरांतूनही बंब आले. म्हणजे पाहा, आग एका गावात असते, पण बंब चार गावांच्या रस्त्यांवरून धावत असतो. त्या चारही गावांच्या चालकांनी वाट दिली, तरच तो वेळेवर पोचतो. आपल्या वसाहतीत कधी तशी वेळ आली, तर आपणही दुसऱ्या गावांच्या चालकांवरच अवलंबून राहणार.

बंबात पाणी भरलेले असते. तो जड असतो. त्याला चटकन थांबता येत नाही, चटकन वळता येत नाही. म्हणून त्याच्या समोर आयत्या वेळी गाडी घालू नये. आग बघायला गर्दीही करू नये. बघ्यांच्या मोटरसायकलींनीच पुष्कळदा रस्ता बंद होतो.

लोकांच्या तीन शंका

पहिली शंका : "आत रोगी नसतोच. उगाच भोंगा वाजवत पळतात." गाडी रिकामी दिसली, तरी ती रोग्याला आणायला निघालेली असू शकते. रोगी तिकडे वाट पाहत पडलेला असतो. अशा वेळी घाई कमी नसते, उलट जास्तच असते. खरे-खोटे करायला आपल्यापाशी साधन नाही. तेव्हा वाट द्यावी, हेच बरे.

दुसरी शंका : "मी बाजूला होतो आणि चार जण रुग्णवाहिकेच्या मागून पुढे घुसतात. मीच वेडा!" ही तक्रार खरी आहे. असे घुसणे चुकीचे आहे आणि धोक्याचेही आहे. रुग्णवाहिकेने एकदम ब्रेक दाबला, तर मागचा तिच्यावर आदळतो. पण दुसरा घुसतो म्हणून आपण अडवायचे, हा न्याय नव्हे. त्याची शिक्षा आतल्या रोग्याला कशासाठी?

तिसरी शंका : "पुढे लाल दिवा आहे. मी काय करू?" डोळे मिटून चौकात घुसू नका. आडवी गाडी येईल आणि एकाचे दोन अपघात होतील. जागच्या जागी जेवढे कडेला सरकता येईल तेवढे सरका. पोलिसाने हात केला, तर तो सांगेल तसे करा.

कायदा काय सांगतो

वाट द्यायची की नाही, हे आपल्या मर्जीवर सोडलेले नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. २०१९ साली त्यात बदल झाला. बंब, रुग्णवाहिका किंवा सरकारने ठरवलेली तातडीची दुसरी गाडी येत असताना जो चालक कडेला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, असे त्यात सांगितले आहे. एका ट्रकचालकाच्या पगाराशी हा आकडा ताडून पाहा.

पूर्वी मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांवरही लाल दिवा असे. १ मे २०१७ पासून तो दिवा बंद झाला. आज भोंगा वाजला, की कोणी साहेब आला असे समजू नये. कोणाचा तरी जीव टांगणीला लागला आहे, असे समजावे.

उभ्या गाड्यांचे काय?

वाट फक्त चालत्या गाड्याच अडवतात असे नाही. उभ्या गाड्याही अडवतात. वसाहतीच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना ट्रेलर लावून ठेवले, तर मधे एकाच गाडीपुरती जागा उरते. तिथे एखादी गाडी बंद पडली, की बंब कारखान्याच्या दाराशी पोचतच नाही. गावातही तेच. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लावला, ओट्याच्या पायऱ्या रस्त्यात आणल्या, मांडवाचे खांब रस्त्यात रोवले, की बंब आत येत नाही. आज रात्री आपल्या आळीत बंब आला, तर तो शेवटच्या घरापर्यंत जाईल का? एकदा चालून पाहा. ज्याची गाडी आड येते, त्याला गोडीने सांगा.

शेवटी तीन आकडे पाठ करा. रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत. आगीसाठी १०१. पोलिसांसाठी आणि कुठल्याही संकटासाठी ११२. फोन लावल्यावर आधी ठिकाण नीट सांगा : गाव, आळी, जवळची ओळखीची खूण. मग एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभे करा. तो गाडीला वाट दाखवील.

आपल्या घरी कोणी रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवत असेल. संध्याकाळी तो घरी आला, की जेवण झाल्यावर त्याला हा धडा मोठ्याने वाचून दाखवा.