सुताचा नंबर आणि पगाराची चिठ्ठी

कापड गिरणीत सुताला नंबर असतो. वीस नंबरचे सूत, चाळीस नंबरचे सूत. नंबर वाढला की सूत बारीक होते; नवख्याला हे उलटे वाटते. हिशेब असा की ८४० यार्डांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. शाळेत व्यस्त प्रमाणाने आपला घाम काढला, ते गणित मुंबईच्या निरक्षर गिरणी कामगाराच्या बोटांत होते. सूत चिमटीत धरून तो नंबर सांगे. पगाराच्या दिवशी मात्र तोच माणूस अंगठा उठवी आणि हातावर पडेल ते घेई.

प्रौढ शिक्षणाला रोजगाराची जोड द्यायची म्हणजे काय, हा प्रश्न मला या अंगठ्यापाशी सापडला. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. जुने अहवाल चाळण्याची सवय एवढेच माझे भांडवल. त्यातून एक गोष्ट दिसत गेली, की या जोडीला दोन टोके असतात. एका टोकाने कामगार काम अधिक चांगले करतो, तर दुसऱ्या टोकाने त्याला कामाचा मोबदला मोजता येतो.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले. मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, आरोग्य, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. ही यादी मुलांसाठी होती हे खरे, पण तीत शेती आहे आणि मोडीही आहे. सावकाराचे खाते आणि सरकारी दप्तर मोडीत असे, हे लक्षात घेतले की त्या यादीतली दोन्ही टोके दिसतात.

गिरणगावात काम शिकवायला शाळा नव्हती. गावचा भाऊबंद खोलीवर जागा देई, जॉबरकडे शब्द टाकी, आणि पोरगा त्याच्या साच्याशेजारी उभा राहून बघत बघत शिके. बदली म्हणून दाराशी थांबायचे, हजेरी लागली तर आत. हात शिकत होता, त्यात अक्षराची गरज कोणाला वाटली नाही. गिरणीमालकालाही नाही, हे विशेष. गरज होती ती कामगाराला. विणकराची मजुरी उक्त्या कामावर ठरे. कापडात खोट निघाली तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापत. ही कापाकाप कामगारांची जुनी तक्रार होती; १९३६च्या पगारविषयक कायद्याने तिच्यावर मर्यादा आली. पण किती कापले हे वाचता आले, तरच त्या कायद्याचा उपयोग. ना. म. जोशी यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, त्यांना मी म्हणूनच नुसती समाजसेवा म्हणत नाही.

१९६५ साली तेहरानला शिक्षणमंत्र्यांची जागतिक परिषद भरली आणि साक्षरता माणसाच्या कामाशी जोडावी हा विचार पुढे आला. भारतात त्यातून शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरता आली, संकरित बियाण्यांच्या प्रसाराला धरून. मुंबईत मार्च १९६७ मध्ये वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. युनेस्कोचे साह्य होते आणि मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ते उभे केले. त्याच्या पद्धतीला ‘पॉलिव्हॅलंट’ म्हणत. आपण बहुअंगी म्हणू. पुस्तकापासून सुरुवात करायची नाही, कामगाराच्या अडचणीपासून करायची. वर्गाची वेळ पाळी पाहून ठरवायची. शिकवायला त्याच धंद्यातला जाणता माणूस बोलवायचा. कौशल्याबरोबर भाषा, हिशेब, आरोग्य आणि नागरिक म्हणून लागणारी माहिती एकाच अभ्यासक्रमात गुंफायची. मला ही कल्पना आजही फार मोलाची वाटते.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि ज्यांच्या पाळ्या बघून वर्ग लावायचे त्या पाळ्याच उरल्या नाहीत. २००० साली श्रमिक विद्यापीठांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले. २०१८ मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेली. साक्षरता शिक्षण खात्याकडेच राहिली. ‘उल्लास’ या सध्याच्या साक्षरता कार्यक्रमात व्यवसायकौशल्याचा घटक आहे, तेव्हा कागदावर जोड तुटलेली नाही. पण एकाचे यश किती जण वाचायला शिकले यावर मोजायचे आणि दुसऱ्याचे किती प्रमाणपत्रे दिली यावर, म्हणजे हिशेबाचे टोक कोणाच्याच वहीत येत नाही.

आज गिरणी कामगाराची जागा बांधकामावरच्या माणसाने घेतली आहे. त्याच्याकडेही सूत आहे, फक्त वेगळे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दहा मिलिमीटरच्या सळईला तो तीन सुती म्हणतो, बाराच्या सळईला चार सुती. नकाशावर मात्र आकडे मिलिमीटरचे. सळई बांधण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला प्रवेशिकेतल्या कमळापासून शिकवणे हा मला उद्धटपणा वाटतो. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, तर दहाची सळई तीन सुती कशी म्हणायची, हा त्याचा पहिला पाठ व्हायला हवा. त्यात अपूर्णांक आले, दशांश आले, नकाशा वाचणेही आले.

आणि दुसरा पाठ नव्वदचा. बांधकाम कामगार मंडळाचा लाभार्थी म्हणून नाव नोंदवायचे, तर आधीच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस काम केलेले असावे लागते. नाक्यावरचा मजूर आज एका ठेकेदाराकडे, परवा दुसऱ्याकडे. हे दिवस मोजायचे कोणी? एक छोटी वही, त्यात तारीख, जागा, ठेकेदाराचे नाव, मिळालेली मजुरी, एवढ्या चार रकान्यांपुरते लिहिणे-वाचणे शिकवायला मोठी योजना लागत नाही. वर्ग भरवायचा तर सकाळी नाक्यावरच. काम मिळण्याची वाट बघत माणसे तिथे तास-दोन तास उभी असतातच.