विमानातली हवा येते कुठून?

२० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं ९डब्ल्यू ६९७ हे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात माघारी फिरलं. बोइंग ७३७ जातीच्या त्या विमानात १६६ प्रवासी होते. डोक्यावरचे कप्पे उघडून ऑक्सिजनचे मास्क खाली लोंबू लागले. तीसेक प्रवाशांच्या नाकातून रक्त आलं, काहींच्या कानातूनही आलं, अनेकांचं डोकं ठणकत होतं. इंजिनं मात्र दोन्ही व्यवस्थित चालू होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेलं कारण एवढंसंच होतं: 'ब्लीड'चं बटण चालू करायचं वैमानिकांकडून राहून गेलं.

हे ब्लीड समजलं, की इंजिन, केबिनमधला दाब आणि प्रवाशाचा जीव यांचं नातं लक्षात येतं.

जेट इंजिन समोरून हवा ओढतं आणि पात्यांच्या अनेक रांगांमधून ती दाबत नेतं. दाबली गेल्याने हवा प्रचंड तापते. तिचा मोठा भाग इंधन जाळायला जातो, पण त्याआधीच थोडी हवा बाजूला काढून घेतात. हीच ब्लीडची हवा. विमानाच्या पोटाखालच्या 'पॅक' नावाच्या यंत्रात ती थंड होते आणि केबिनमध्ये येते. म्हणजे आपण वर श्वासात घेतो ती हवा इंजिनाच्या पोटातून, पण ज्वाळेला न शिवता आलेली असते. (बोइंग ७८७ हा अपवाद. तिथे हे काम विजेवरचे कॉम्प्रेसर करतात.) हवा अशी काढून घेतली की इंजिनाचा जोर किंचित घटतो. म्हणून भरपूर वजन असताना किंवा कडक उन्हात, पूर्ण ताकद हवी तेव्हा, काही उड्डाणं ब्लीड बंद ठेवून करतात आणि वर गेल्यावर ते चालू करतात.

आता दाबाकडे येऊ. विमान म्हणजे हवा भरून तोंड बांधलेली पिशवी, असा समज सर्रास असतो. तो चुकीचा आहे. जलशुद्धीकरण केंद्रातल्या टाकीसारखा हा मामला आहे. पाणी एका बाजूने सतत येत असतं, दुसऱ्या बाजूने सतत जात असतं, आणि पातळी किती राहणार हे जाण्याची वाट किती उघडी आहे त्यावर ठरतं. विमानात ही जाण्याची वाट म्हणजे शेपटीच्या बाजूची 'आउटफ्लो' झडप. ती आपोआप कमीजास्त उघडते आणि दाब सांभाळते. जयपूरच्या विमानात येणारी वाटच बंद राहिली. मग झडपेने काय सांभाळायचं?

सगळं सुरळीत असतानाही केबिनमध्ये जमिनीइतका दाब नसतो. विमान ३५,००० फुटांवर असेल तर आतली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असते तितकी विरळ ठेवतात. ८,००० फूट म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंची. निरोगी माणसाला ती सोसते. याहून जास्त दाब ठेवायचा तर विमानाची काया आणखी जाड आणि जड करावी लागेल. आहे तेवढ्यातही आतून एकेका खिडकीवर काहीशे किलोंचा रेटा असतो. तो बाहेरची काच पेलते. मधल्या काचेला बारीकसं भोक असतं, त्याने दोन काचांमधला दाब केबिनइतका राहतो. प्रवाशाचा हात लागतो ते आतलं आवरण ओरखड्यांपासून बचावापुरतं असतं. भोक पाहून घाबरणारे प्रवासी मी पाहिले आहेत. ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

नाका-कानातून रक्त का यावं? कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी असते आणि घशाकडून येणारी बारीक नळी तिचा दाब बाहेरच्याशी जुळवते. एरवी केबिनमधला दाब इतका हळू बदलतो की नळीला सवड मिळते. तो भराभर बदलला की पडदा ताणला जातो आणि आतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. उतरताना त्रास अधिक, कारण या नळीतून हवा बाहेर सहज जाते, आत जाताना अडते. सर्दी असेल तर फारच अडते.

इंजिन बंद पडलं तर? इथे लोकांची भीती आणि वस्तुस्थिती यांत मोठं अंतर आहे. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एकावर उडू शकतं. धावपट्टीवर एक ठरावीक वेग ओलांडल्यावर एक इंजिन गेलं तरी उड्डाण पुरं करता आलं पाहिजे, ही अट पाळल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. एका इंजिनावर ३५,००० फुटांची उंची टिकत नाही, म्हणून वैमानिक हळूहळू खाली येतो आणि जवळचा विमानतळ गाठतो. उरलेल्या इंजिनाची ब्लीडची हवा केबिनला पुरते. अशा वेळी मास्क सहसा पडतही नाहीत.

धोका वाढतो तो इंजिन फुटून त्याचे तुकडे विमानाच्या अंगावर आले तर. पातं तुटलं तरी ते कवचातच अडावं, याची चाचणी खरोखर पातं उडवून घेतात. तरीही १७ एप्रिल २०१८ रोजी, जयपूरच्या घटनेच्या पाच महिने आधी, अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीच्या १३८० क्रमांकाच्या विमानात विपरीत घडलं. तेही ७३७ च. धातूच्या थकव्याने चिरलेलं पातं ३२,००० फुटांवर तुटलं, इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडाले आणि एक खिडकी फुटली. त्या खिडकीजवळच्या प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला सुखरूप उतरवलं. त्या वेळच्या छायाचित्रांत कित्येक प्रवाशांनी मास्क फक्त तोंडावर धरला होता, नाक उघडंच होतं. ते बघून माझा जीव कळवळला.

कारण ३५,००० फुटांवर दाब गेला, तर माणूस शहाण्यासारखं काही करू शकतो तो काळ अर्धा ते एक मिनिट. दम कोंडल्याची जाणीवही होत नाही. उलट बरं वाटू शकतं, आणि विचारशक्ती निघून जाते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या हेलिओस या विमान कंपनीच्या ७३७ मध्ये दाबाचा स्विच हाताने चालवायच्या स्थितीत राहिला होता. भोंगा वाजला, पण तसाच भोंगा उड्डाणापूर्वीच्या वेगळ्या चुकीसाठीही वाजतो, आणि वैमानिकांचा घोळ झाला. तो सुटण्याआधीच ते बेशुद्ध पडले. विमान आपोआप अथेन्सपर्यंत गेलं, घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपल्यावर कोसळलं. १२१ जण गेले. पुढे अमेरिकेच्या नियामकाने ७३७ च्या कॉकपिटात दाबाच्या इशाऱ्यासाठी वेगळे दिवे सक्तीचे केले.

म्हणून 'आधी स्वतःला मास्क लावा, मग मुलाला' या सूचनेत स्वार्थ नाही. लेकराच्या मास्कशी झटताना आईच बेशुद्ध झाली, तर दोघांनाही लावणारं कोणी उरत नाही. आईने आधी लावला, तर काही सेकंद उशीर होऊनही मूल सावरतं.

मास्क नुसता धरून भागत नाही, तो खाली ओढावा लागतो. ओढल्यावर वरच्या कप्प्यातली पिन निघते आणि बहुतेक विमानांत तिथल्या छोट्या डब्यात सोडियम क्लोरेट तापून ऑक्सिजन तयार होऊ लागतो. डबा तापतो, जळकट वास येतो. आग लागली असं वाटेल, पण मास्क काढू नये. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

हा ऑक्सिजन साधारण बारा मिनिटं पुरतो. वैमानिकांसाठी सिलिंडरचा साठा वेगळा असतो. आपले मास्क लावून ते विमान भराभर १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात. पोटात गोळा येतो, विमान पडतंय असं वाटतं, पण हे उतरणं ठरवून केलेलं असतं आणि त्याला काही मिनिटंच लागतात. खाली पोचल्यावर साध्या हवेतच श्वास पुरतो, आणि कर्मचारी मास्क काढायला सांगतात.